ग आणि ह

चौदा वर्षं मी नोवी सादच्या कोशकचेरीत
शब्दांची कार्डं भरतो आहे.
पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढं कार्ड.
वर शब्द, खाली अर्थ,
कोपऱ्यात गाव आणि सांगणाऱ्याचं वय.

यंदा 'काळ' हा खोका माझ्या टेबलावर आला.
सोपा वाटला.
'नेदेल्या': काही न करण्याचा दिवस, रविवार.
रशियात गेला आणि असा काही पसरला
की अख्खा आठवडाच झाला.
'लिस्तोपाद': पानगळ.
झाग्रेबला ती ऑक्टोबरात, प्रागला नोव्हेंबरात,
झाडांना कुणी विचारलं नाही.
'लेतो': उन्हाळा.
रशियन माणूस वय विचारतो तेव्हा
किती उन्हाळे पाहिलेस, इतकंच विचारतो.
'व्रेमे': वेळही तीच, हवाही तीच,
म्हणून असेल,
आमच्याकडे कुणाला उशीर झाला
की माणसं आधी आभाळाकडे बघतात.

मग बाच्की पेत्रोवात्सला गेलो. स्लोवाक वस्ती,
हॉप्सचे उंच मांडव, निळी रंगवलेली दारं.
युदिता श्पानिकोवा, वय एक्याऐंशी.
तासाला तुमच्यात काय म्हणतात?
"होदिना," ती म्हणाली. "आणि तुमच्यात
गोदिना म्हणजे वर्ष. ठाऊक आहे मला.
मोल देऊन शिकले."

ओरावाच्या डोंगरातून मावशीकडे आली होती ती
हॉप्स खुडायला, एकोणिसाव्या वर्षी.
बेगेचच्या धक्क्यावर झिवान नावाचा एक सर्ब
बार्जवर चढता चढता म्हणाला,
गोदिनु माझी वाट बघ.
तिने ऐकलं: तासभर.
ती ओंडक्यावर बसली,
मांडीवर पातेलं, पातेल्यात खसखशीच्या शेवया.
तास झाला.
दुसरा झाला.
डॅन्यूब आपली वाहत होती, तिला कुठे घाई.
"शेवया गार झाल्या. मग मीच खाल्ल्या.
रागाने. सगळ्या."

घरी मावशी पोट धरून हसली.
अगं, ग! ह नाही, ग!
"म्हणजे दोन तास थांबून झाले होते
आणि बाकी होते आठ हजार सातशे अठ्ठावन्न."

मी माझी विद्या पाजळली.
म्हटलं, मूळ एकच हो दोघांचं, 'गोद'.
त्याला लांबी नव्हती. नुसती योग्य वेळ,
मुहूर्त म्हणा हवं तर.
पोलंडात त्याचं लग्न झालं, म्हणजे खरंच, लग्नसोहळा,
रशियात वर्ष झालं,
आमच्याकडे झाडाच्या खोडातलं वलयसुद्धा.
ती ऐकत नव्हती.
बरणीचं झाकण पदराने पुसत होती,
पुसून झालेलंच परत.

"आला," ती म्हणाली. "अकराव्या महिन्यात आला,
लवकर आलो म्हणून फुशारकी मारत.
बावन्न वर्षं एका घरात राहिलो,
पण ह काही त्याच्या जिभेवर बसला नाही.
मला हाक मारायचा तेवढं पुरे होतं.
शेवटी दवाखान्यात
स्ट्रेचर ढकलत नेत होते, तपासणीला म्हणून,
तेव्हा मान वळवून
माझ्या भाषेत म्हणाला. स्वच्छ. होदिनु थांब."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"नऊ वर्षं झाली," ती म्हणाली.
"आता या खेपेला कोण चुकलं, सांगा. तुम्ही कोशवाले."

मी कार्ड काढलं.
होदिना, स्त्रीलिंगी नाम. अर्थ: साठ मिनिटं.
बाच्की पेत्रोवात्स. एक्याऐंशी.
खाली उदाहरणाची ओळ असते,
तिथे पेन टेकलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला,
मी ते तसंच घडी करून खिशात टाकलं,
जे नियमात बसत नाही.

बस चारची होती.
शेवया टाकते, म्हणाली, खसखशीच्या, खाऊन जा,
आणि किती थांबायचं तेही म्हणाली,
पण किटली शिट्टी घालायला लागली होती
आणि शब्दाचं पहिलं अक्षर
मला नीट ऐकू आलं नाही.

मी टोपी काढून बसलो.